अडतीस मार्कांची कैफियत

बाबालाल मुजावर नापास झाले नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शेजारच्या बयाबाईंनी नळावर जे सांगितलं ते वेगळं होतं. ते पासही झाले नव्हते, हेही तितकंच खरं. शहरात नव्यानं निघालेल्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजनं प्रवेशासाठी शंभर मार्कांची परीक्षा घेतली, साठ जणांची यादी चाळीस मार्कांवर येऊन थांबली आणि अडतीस मार्कांच्या बाबालालना वेटिंग लिस्टवर पहिला नंबर मिळाला. उभ्या आयुष्यात त्यांचा कशातच पहिला नंबर आलेला नव्हता. आला तो असा आला, की कुणाला सांगायची सोय नाही.

बाबालाल कोर्टाच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये टाईपरायटर घेऊन बसत. अठरा वर्षं झाली होती. दावे, प्रतिज्ञापत्रं, वटमुखत्यारपत्रं आणि मुख्य म्हणजे कैफियती. आपल्यावर दावा लागला की त्याला जे लेखी उत्तर द्यायचं असतं ती कैफियत. वकीलमंडळी उभ्या उभ्या अर्धं वाक्य सांगायची आणि ‘फुडचं तुला ठाऊकच हाय की’ म्हणून चहाला जायची. पुढचं बाबालालना खरोखरच ठाऊक असायचं. छत्तिसाव्या वर्षी गाईडं पाठ करून ते बाहेरून बी.ए. झाले ते एवढ्याचसाठी, की एकदा काळा कोट घालून त्या फाटकाच्या आत जावं आणि उभं राहून बोलावं. पण या कॉलेजची वयाची अट चाळीस होती, आणि बाबालालना पुढच्या आखाडात चाळीस पूर्ण होत होती. यंदा नाही तर कधीच नाही, असा सरळ हिशेब होता.

आता वेटिंगवर गप्प बसून राहिले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण परीक्षेच्या दिवशी एस.टी. बंद होती. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची पोरं पोचलीच नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कॉलेजनं दहा जागा वाढवून फेरपरीक्षा जाहीर केली. आधी बसलेल्यांनाही पुन्हा बसता येणार होतं. बाबालाल आनंदानं फॉर्म आणायला गेले. कॉलेजच्या खिडकीत कृष्णात नावाचे क्लार्क बसत. त्यांनी फॉर्म दिला, पण सोडला नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक बाबालालच्या.

“नियम सात वाचलासा का?”

नियम सात असा होता, की जो फेरपरीक्षेचा फॉर्म भरेल त्याचे आधीचे मार्क रद्द आणि वेटिंग लिस्टवरचं नावही रद्द.

“म्हंजे ह्यात नापास झालो तर?”

“तर काय न्हाय. घरला जायाचं,” कृष्णात म्हणाले. “पंधरा दिवस हाईत. इचार करा आणि या.”

माणसाला विचार करायला पंधरा दिवस देणं यासारखा छळ नाही. एका दिवसात बाबालालनी काहीतरी ठरवलं असतं. पंधरा दिवस मिळाल्यावर ते काम गल्लीनं हातात घेतलं.

बयाबाई भांडं घेऊन दारात आल्या. त्यांचं नळाच्या पाळीचं भांडण होतं आणि परीक्षेच्या आधीपासूनच त्या ‘आमचं वकीलसाहेब’ म्हणून समोरच्यांना धमकावत होत्या. आता त्यांची पंचाईत झाली होती. “दोन मार्कं म्हंजे काय वो बाबालालभाई! पेपर तपासणाऱ्याला एकदा जेवायला बोलवायचं. तुमच्या सुगराच्या हातचा पांढरा रस्सा प्याला असता तर साठ दिलं असतं त्यानं.” केस कापणाऱ्यानं कात्री थांबवून विचारलं, “वेटिंगमधल्या वकिलाला कोट शिवता येतोय का, का नुसतं माप द्यायाचं?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही एवढं बाबालालनी ठरवलं, पण अर्धं डोकं झालेलं असल्यामुळं उठून जाता आलं नाही.

गणपतराव वकिलांचा सल्ला त्यातल्या त्यात वजनदार होता, कारण बाबालालकडं सगळ्यात जास्त काम त्यांचंच असे. “कशाला त्या फेरपरीक्षेच्या नादाला लागतोस?” ते म्हणाले. “वेटिंगवर बस निवांत. आणि खरं सांगू का, वकिलीत काय राह्यलं न्हाय आता. आमच्याकडं बघ की.” बाबालालनी बघितलं. गणपतरावांनी नवी स्कूटर घेतली होती आणि तिच्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढला नव्हता. बोलता बोलता त्यांनी एका दाव्याचे कागद टेबलावर ठेवले आणि ‘फुडचं तुला ठाऊकच हाय’ म्हणून ते निघाले.

शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणारा सिद्धराम हा बाबालालचा जिवलग. गडहिंग्लजकडचा, घरात कानडी बोलणारा, आणि कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय न मानणारा. “हे बघा बाबालालभाई,” तो म्हणाला, “साठातला एक गळला की तुम्ही आत. मग परीक्षा कशाला? साठातला कोण गळतोय ते शोधायचं, बस्स.” त्यानं यादी उतरवून आणली, प्रत्येक नावापुढं चौकशी केली, आणि चौथ्या दिवशी बेचाळीस नंबरवर बोट ठेवलं. हिंदुराव पाटील, मुक्काम पन्हाळा, तालुका कचेरीत कारकून. त्याची बदली आजऱ्याला झाल्याची पक्की खबर होती. आजऱ्याहून रोज संध्याकाळी कोल्हापुरात कोण येतो?

इथं बाबालालनी थांबायला हवं होतं. खबर पक्की होती, तर घरी बसायचं. पण सिद्धरामला पुरावा पाहिजे होता. रविवारी दोघं एस.टी.नं पन्हाळ्याला गेले. बाबालालनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, सिद्धरामच्या हातात छत्री आणि पिशवी होती. रविवारी सकाळी इस्त्री करून, छत्री घेऊन, लग्नाच्या मुलाच्या दारात दोन परके गृहस्थ उभे राहिले, तर त्या मुलाच्या आईनं काय समजावं?

“या की पावणं, या,” हिंदुरावची आई म्हणाली. “बाहिर का हुबं? पोरगं आतच हाय.”

कुणाला काही बोलायच्या आत समोर पोहे आले. आईनं पोराच्या सवयी सांगितल्या. तंबाखू नाही, तालमीत जातो, घरची चार एकर आहे. सिद्धरामनं ‘अय्यो’ म्हणून बाबालालकडं बघितलं. बाबालालनी घसा साफ करून आपलं नाव सांगितलं, म्हणजे निदान गैरसमज मिटेल. पण बाई हुशार होत्या. “असू द्या की,” त्या म्हणाल्या, “मध्यस्थ कुनीबी असंना, मानूस भला पायजे. मुलगी कुठली?”

शेवटी सिद्धरामनं सगळं खरं सांगून टाकलं. हिंदुराव पोह्याची बशी खाली ठेवून ऐकत होता.

“म्हंजे माझ्या जागंसाठी तुम्ही कोल्हापुरास्नं हितं घाट चढून आलासा?”

“व्हय.”

“म्या तर सोडणारच हुतो. उद्या कळवणार हुतो कॉलेजला.” तो जरा थांबला. “पर दोन शहाणी मानसं त्या जागंसाठी एवढी वणवण करत्यात म्हंजे तिला किंमत असणार. आता न्हाय सोडत. बदली रद्द करून घेतो.”

परतीच्या एस.टी.त बाबालाल खिडकीशी बसले. सिद्धराम म्हणाला, “अजून एकोणसाठ हाईत.” तेव्हा त्यांनी खिडकी वर ढकलली आणि तोंड बाहेर काढलं. आपण गेलो नसतो तर उद्या आपला प्रवेश झाला असता, हे त्यांना पन्हाळ्यापासून स्टँडपर्यंत एकसारखं दिसत होतं. संताप करायचा तर कुणावर, हेही कळत नव्हतं. पोहे मात्र चांगले होते.

घरी आल्यावर त्यांनी सगळी हकिकत बायकोला, सुगराला सांगितली. सुगरा सातवीपर्यंत शिकलेली, आणि आठवड्याभरात तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“अवो, परत बसायाचं का न्हाय त्ये ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पयल्यांदा अडतीसच का पडलं, त्ये बघा की आदी.”

ही गोष्ट आजवर कुणालाच सुचली नव्हती.

कॉलेजच्या खिडकीत कृष्णातनी सांगितलं की पेपर बघायला मिळतो, अर्ज करावा लागतो. बाबालालनी खिशातून अर्ज काढला. सुबक टाईप केलेला, डावीकडं चार बोटं समास सोडलेला. कृष्णातनी तो परत केला. “टाईप चालत न्हाय. सोताच्या हस्ताक्षरात पायजे.” परीक्षांचे पेपर आणि सह्या सोडल्या तर अठरा वर्षं बाबालालनी हातानं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी तिथंच बाकावर बसून, कागद मांडीवर धरून अर्ज लिहिला. कृष्णातनी तो उजेडाकडं धरला, आडवा केला, शेजारच्या क्लार्कला दाखवला. “ह्ये काय हाय, पावणं? नकाशा?” तिसऱ्या खेपेला अर्ज वाचता आला. माणसाच्या अब्रूचे किती तुकडे होऊ शकतात याचा अंदाज बाबालालना त्या बाकावर आला.

मग पेपर समोर आला. हात लावायचा नाही, नुसता बघायचा. कृष्णात पट्टीनं पानं उलटत होते.

पहिला प्रश्न उताऱ्यावर होता. एका व्यापाऱ्यानं शेळी विकली, अशी साधी गोष्ट. खाली विचारलं होतं, व्यापाऱ्याने शेळी का विकली? बाबालालचं उत्तर असं होतं: ‘उताऱ्यातील परिच्छेद १ मधील मजकूर खोटा, खोडसाळ व बनावट असून तो या उमेदवारास मान्य व कबूल नाही. व्यापाऱ्याने शेळी विकली हे शाबीत करण्याची जबाबदारी सर्वस्वी उतारा लिहिणारावर आहे.’ पुढचा प्रश्न, व्यापाऱ्याचा स्वभाव कसा होता? ‘सदर व्यापारी या उमेदवाराच्या माहितीतला नसल्याने त्याबद्दल काही सांगता येत नाही.’ शेवटी निबंध होता, ‘मला वकील का व्हायचे आहे’. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘निबंधाच्या मथळ्यातील विधान तूर्त नाकबूल. पुढे कारण पडल्यास जादा कैफियत देण्याचा हक्क या उमेदवाराने राखून ठेवला आहे.’

आणि सगळ्यात खाली, कुणीही विचारलेलं नसताना: ‘मी, बाबालाल मुजावर, वय ३९, धंदा टायपिंग, राहणार कोल्हापूर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ सही. तारीख.

त्याशेजारी लाल शाईत तपासनिसांनी लिहिलं होतं, ‘कायद्याचे ज्ञान उत्तम. परंतु उमेदवाराने प्रश्नपत्रिकाच अमान्य केली आहे. नाव उघड केल्याबद्दल नियमाप्रमाणे दहा मार्क वजा.’ म्हणजे कायद्याच्या प्रश्नांच्या जोरावर मुळात अठ्ठेचाळीस पडले होते. प्रतिज्ञापत्र केलं नसतं तर हा माणूस थेट यादीत होता.

कृष्णात इतके हसले की त्यांनी पट्टी खाली ठेवली. “आवो, शेळी विकली एवढं तरी कबूल करायचं की!”

बाबालालना यातलं काही लिहिल्याचं आठवतच नव्हतं. समोर छापील कागद आला, खाली प्रश्न आले, आणि हातानं अठरा वर्षांचं काम केलं. त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन चपला नीट कोपऱ्यात ठेवल्या आणि सुगराला सांगितलं. सुगरा शेळीपर्यंत दम धरून होती. प्रतिज्ञापत्राला तिनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीला टेकून हसली.

“मी परत बसणार न्हाय,” बाबालाल म्हणाले. “हसू नको. अठरा वर्षं दुसऱ्याचं लिवून लिवून माझं सोताचं काय ऱ्हायलंच न्हाय, सुगरा. मला वकील का व्हायाचंय, एवढं साधं लिवता आलं न्हाय मला.”

सुगराचं हसू थांबलं. ती त्यांच्यासमोर येऊन बसली. “मग लिवू नगा,” ती म्हणाली. “मला सांगा.”

बाबालालनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी धोंडुबाई नावाची म्हातारी होती. शेजाऱ्यानं तिच्या भिंतीला लागून भिंत घातली आणि तिचा जायचा रस्ताच बंद केला. दावा बाबालालनीच टाईप केलेला, शब्द न् शब्द पाठ. सुनावणीला तिचे वकील गणपतराव आले नाहीत. त्यांच्या मेव्हण्याचं लग्न होतं. तारखा आधीच फार झाल्या होत्या, कोर्टानं नवी दिली नाही. धोंडुबाईच्या नावाचा पुकारा झाला, म्हातारी आत जाऊन उभी राहिली, आणि काय सांगायचं ते तिला सुचेना. बाबालाल दारात होते. सगळं त्यांच्या ओठावर होतं. ते एक पाऊल आत गेले तर शिपायानं दंडाला धरलं आणि म्हणाला, टायपिस्टांनी बाहेर. दावा फेटाळला गेला. म्हातारी बाहेर येऊन त्यांनाच विचारत होती, “माझं काय चुकलं रं बाबा?”

“तिचं काय चुकलं नव्हतं,” बाबालाल म्हणाले. “मला ठाऊक हुतं काय बोलायाचं. पर मला बोलायाची परवानगी नव्हती. त्ये मला अजून गिळवत न्हाय.”

सुगरानं एक कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, “ह्येच लिवा. आत्ता सांगितलंसा तसंच.”

दुसऱ्या दिवशी बाबालालनी कॉलेजच्या खिडकीत फॉर्म भरून दिला. “वेटिंगवरचं नाव काढू?” कृष्णातनी विचारलं. “काढा,” बाबालाल म्हणाले, आणि कृष्णातनी त्यांच्यासमोर पट्टी लावून पहिला नंबर खोडला.

यानंतर तीन दिवसांनी सतरा नंबरच्या उमेदवाराला मुंबईत नोकरी लागली आणि तो गळला. ती जागा वेटिंगवरच्या पुढच्या माणसाला मिळाली. त्याला छत्तीस मार्क होते. गणपतराव मुद्दाम स्कूटर थांबवून म्हणाले, “मी सांगितलं नव्हतं?” बयाबाईंनी नळावर सांगायचं ते सांगितलंच. सिद्धरामनं तेवढा बाबालालच्या टेबलावर गुपचूप एक चहा ठेवला. पुराव्याचा विषय त्यानं त्या महिन्यात पुन्हा काढला नाही.

घरात मात्र शाळा सुरू झाली. रोज कोर्टातून आल्यावर बाबालालनी एक पान हातानं लिहायचं आणि सुगरानं ते लाल पेन्सिलीनं तपासायचं. पहिला विषय आठवड्याचा बाजार. बाबालालनी लिहिलं, ‘सदर बाजारात उपरोक्त मेथीची जुडी प्रस्तुत उमेदवाराने विकत घेतली.’

“मेथीला सदर कशाला?”

“सवय हाय गं.”

“बाजारात तुम्ही भाजीवालीला असं बोलतासा?”

“न्हाय.”

“मग मला तरी असं का वाचाय लावतासा?” आणि ‘सदर’वर लाल रेघ. चौथ्या दिवशी पानावर पाच ‘सदर’ होते, आठव्या दिवशी दोन. दहाव्या दिवशी बाबालालनी आपल्या आईबद्दल एक पान लिहिलं. त्यात एकही लाल रेघ पडली नाही. सुगरानं ते पान घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवलं.

फेरपरीक्षेत उतारा कुंभाराचा होता. कुंभारानं चाक का विकलं? बाबालालच्या हातानं ‘उताऱ्यातील परिच्छेद’ एवढं लिहूनही टाकलं. त्यांनी ते खोडलं, पेन खाली ठेवलं, आणि कुंभारानं चाक विकलं हे मनातल्या मनात तीन वेळा कबूल केलं. मग लिहिलं, ‘त्याची कंबर दुखत होती म्हणून.’ निबंध तोच होता. त्यांनी धोंडुबाईचं लिहिलं. लिहिताना एकदा डोळे भरून आले, तर सुपरवायझर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं कॉपी करतोय. शेवटची ओळ झाल्यावर हात आपोआप खाली सरकला, ‘मी, बाबा…’ लिहायला. बाबालालनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात घातलं, आणि घंटा होईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

एकसष्ट मार्क पडले. दहा जागांत पहिले. या वेळचा पहिला नंबर सांगता येण्यासारखा होता आणि सिद्धरामनं तो अख्ख्या कोर्टाला सांगितला. बयाबाईंनी तर आपण आधीपासून असंच म्हणत होतो असं शपथेवर सांगितलं. गणपतरावांनी ‘बरं झालं’ एवढंच म्हटलं, आणि टेबलावर ठेवायला आणलेले कागद परत बॅगेत घातले.

कॉलेज सुरू झालं. संध्याकाळी साडेपाचला टाईपरायटरवर झाकण पडायचं आणि सहाला बाबालाल वर्गात पहिल्या बाकावर असायचे. महिन्याभरानं सरांनी पहिला लेखी अभ्यास दिला: एका काल्पनिक दाव्यावर आपलं म्हणणं चार पानांत मांडा. बाबालालनी तो जीव ओतून लिहिला. सुगरानं तपासला. एकसुद्धा ‘सदर’ नव्हता.

आठ दिवसांनी वही परत आली. दहापैकी चार. खाली लाल शाईत सरांचा शेरा होता. बाबालालनी घरी येऊन, चपला पायातच ठेवून, तो सुगराला मोठ्यानं वाचून दाखवला:

‘मुद्दे बरोबर. भाषा मात्र फारच घरगुती. कायद्याच्या विद्यार्थ्याने सदर, उपरोक्त, मान्य व कबूल अशा शब्दांचा सराव ठेवावा. आपणहून जमत नसल्यास कोर्टासमोरच्या एखाद्या जुन्या टायपिस्टला भेटावे.’

सुगरानं वही त्यांच्या हातातून घेतली. शेरा स्वतः एकदा वाचला, मग पुन्हा एकदा. नवरा दारात उभा होता, चेहरा संतापानं लाल.

“मग सकाळीच जावा त्याला भेटायाला,” ती म्हणाली. “संध्याकाळी गेलासा तर घावायचा न्हाय. हल्ली कॉलेजला जातोय त्यो.”